कालिया नागाचे जादूगार : कै. दादासाहेब फाळके

ज्या वस्तूचें आपणांस भय वाटतें तीच पुन्हां पुन्हां पाहावीशी वाटावी, ही मनुष्यस्वभावांतील एक विलक्षण गोष्ट आहे. लहान मूल आजीला राक्षसाची गोष्ट सांगावयास लावतें, राक्षस आला कीं पांघरुणांत तोंड लपवितें, आणि गोष्ट संपतांच तीच पुन्हां सांग म्हणून हट्ट धरतें. हाच हट्ट पुढें मोठेपणीं चित्रपटगृहांत जाऊन बसतो. जपान देशांत १९५४ सालीं 'गोजिरा' नांवाच्या एका प्रचंड सागरी प्राण्याचा चित्रपट निघाला. 'गॉडझिला' या नांवानें तो सर्व जगांत गाजला, आणि त्याच्या वंशावळींतील चित्रपट अजूनही निघत आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांस त्या प्राण्याची व त्याच्या शत्रूंचीं नांवें पाढ्यांपेक्षां अधिक चांगलीं पाठ आहेत. त्याबद्दल त्यांस दोष देण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु गोजिराच्या आधीं पस्तीस वर्षें, याच महाराष्ट्रांत, गोदावरीच्या कांठीं राहणाऱ्या एका गृहस्थानें एक अजस्र नाग पडद्यावर आणून हजारों लोकांस भयानें व आनंदानें आपल्या जागीं खिळवून ठेविलें होतें, हें त्यांच्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. त्या गृहस्थाचें, म्हणजे कै. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथें झाला. त्यांचे वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृताचे व्युत्पन्न पंडित होते. पुढें मुंबईच्या विल्सन कॉलेजांत संस्कृताचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली व कुटुंब मुंबईस आलें. मुलानेंही शास्त्री व्हावें अशी वडिलांची अपेक्षा असती तर ती स्वाभाविकच होती. परंतु धुंडिराजाचा हात लेखणीपेक्षां कुंचल्याकडे अधिक ओढ घेत होता. १८८५ सालीं त्यांनीं मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत प्रवेश घेतला. तेथून ते बडोद्याच्या कलाभवनांत गेले आणि चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण, छपाई, रंगभूमीचे पडदे रंगविणें अशा नाना विद्या त्यांनीं आत्मसात् केल्या. एका मनुष्यानें इतक्या गोष्टींच्या मागें लागावें हें त्या काळच्या पुष्कळ शहाण्या लोकांस धरसोडपणाचें लक्षण वाटलें असेल. पण यांतली एकही विद्या वायां गेली नाहीं. पुढें ज्या उद्योगांत त्यांनीं नांव मिळविलें त्याला या सर्वांचीच एकदम गरज होती, आणि तो उद्योग त्या वेळीं जगांत जन्मासही आला नव्हता.

आयुष्याच्या आरंभींच त्यांस दुःखाचा कठोर अनुभव आला. गुजराथेंतील गोध्रा येथें त्यांनीं छायाचित्रांचें दुकान थाटलें होतें. तेथें प्लेगच्या सांथींत त्यांची पत्नी व मूल हीं दोघेंही दगावलीं. त्यांनीं गोध्रा सोडलें व पुन्हां बडोद्यास येऊन तोच धंदा मांडला. परंतु कॅमेरा मनुष्याच्या अंगांतील शक्ति शोषून घेतो, अशी लोकांची भाबडी समजूत असल्यामुळें तेथेंही धंदा चालेना. याच सुमारास एका जादूगाराशीं त्यांची गांठ पडली व त्याच्यापाशीं त्यांनीं जादूचे प्रयोग शिकून घेतले. पुढें आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटीं फिरवून 'प्रोफेसर केळफा' या नांवानें ते जादूचे खेळही करीत. वाचकांनीं हा प्रोफेसर केळफा विसरूं नये. प्रेक्षकाची नजर कोठें खिळवावी, त्याच क्षणीं दुसऱ्या हातानें काय करावें, आणि फसलेल्या मनुष्यास राग न येतां आनंद कसा व्हावा, हें जें जादूगाराचें शास्त्र, तेंच पुढें फाळके यांच्या नागाचें व मारुतीचें शास्त्र झालें.

१९०२ सालीं त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांच्या नात्यांतील ही मुलगी लग्नानंतर सरस्वतीबाई झाली, आणि या बाईंचें नांव घेतल्यावांचून फाळके यांचें चरित्र लिहितांच येत नाहीं. १९०३ सालीं पुराणवस्तुसंशोधन खात्यांत छायाचित्रकार व नकाशे काढणारे म्हणून त्यांस नोकरी मिळाली. परंतु वंगभंगाच्या चळवळीनें देश पेटला तेव्हां सरकारी चाकरींत त्यांचें मन रमेना, आणि ती सोडून त्यांनीं लोणावळें येथें छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचें शिळाछापाचें कामही ते करीत असत. पुढें हा कारखाना दादरास नेला व 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नांवानें तो नांवारूपास आला. तिरंगी छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं ते १९०९ सालीं जर्मनीस जाऊन आले. धंदा भरभराटीस आला असतां भागीदारांशीं मतभेद झाला, आणि फाळके यांनीं तो जसाच्या तसा टाकून दिला. भागीदारांशीं न पटणें हा त्यांच्या स्वभावाचा एक कायमचा विशेष होता, आणि त्याची किंमत त्यांनीं आयुष्यांत एकदांच नव्हे तर अनेकदां मोजली.

चाळिशी उलटलेला, बेकार, डोक्यावर संसाराचा भार असलेला असा हा गृहस्थ १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत गिरगांवांतील एका चित्रपटगृहांत जाऊन बसला. तेथें ख्रिस्तचरित्राचा मूकपट चालला होता. पडद्यावर प्रभु येशूच्या आयुष्यांतील प्रसंग सरकत असतां फाळके यांच्या मनश्चक्षूंपुढें मात्र गोकुळ व अयोध्या उभीं राहिलीं. ज्या रीतीनें परदेशीयांनीं आपल्या श्रद्धेचा विषय सजीव केला त्या रीतीनें आपल्याही देशांतील कथा आपल्याच माणसांनीं सजीव कराव्या, हा विचार त्यांच्या मनांत त्या दिवशीं शिरला तो पुन्हां निघाला नाहीं. दुसऱ्या खेळास ते सरस्वतीबाईंस घेऊन गेले. एका समाजाची पवित्र कथा पाहून दुसऱ्या समाजांतील मनुष्यास आपल्या कथेचें प्रेम अधिक वाटावें, ही गोष्ट आमच्यासारख्या शाळेंत, जेथें नाना धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात तेथें, मनन करण्याजोगी आहे.

यानंतर त्यांनीं जो अभ्यास केला त्याची कल्पनाही आज करवत नाहीं. एक खेळण्यांतलें चित्रयंत्र, कांहीं तुकडे फितीचे, मेणबत्ती व भिंग एवढ्या सामग्रीवर ते घरच्या भिंतीवर रात्र रात्र चित्रें नाचवीत बसत. मुंबईंत येईल तो चित्रपट ते पाहात. झोंप तीन तासांची उरली. परिणाम व्हावयाचा तोच झाला : त्यांच्या डोळ्यांची दृष्टि जवळ जवळ गेली. ज्यास सर्व जगास नवे डोळे द्यावयाचे होते त्याच्याच डोळ्यांपुढें अंधार पसरला. सुदैवानें डॉ. प्रभाकर या नेत्रवैद्यांच्या उपचारांनीं व अनेक चष्म्यांच्या साहाय्यानें दृष्टि परत आली. दुसरा कोणी असता तर हा इशारा समजून शांत बसला असता. फाळके यांनीं आपली आयुष्याच्या विम्याची पॉलिसी गहाण टाकली व १ फेब्रुवारी १९१२ रोजीं ते विलायतेस निघाले.

लंडनमध्यें ओळखीचें कोणी नव्हतें. चित्रपटविषयक एका साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांच्या कचेरींत ते सरळ जाऊन उभे राहिले. त्या सज्जनानें त्यांस सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या वॉल्टन येथील चित्रगृहांत नेलें, आणि तेथें फाळके यांनीं थोड्या दिवसांत जें पाहावयाचें तें सर्व पाहून घेतलें. विल्यम्सन जातीचा कॅमेरा, फितीस भोकें पाडण्याचें यंत्र वगैरे सामान विकत घेऊन ते एप्रिलांत मुंबईस परत आले. आतां भांडवल कोण देणार? त्यांनीं एका कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा त्यासमोर रोंवला, आणि सुमारें महिनाभर रोज त्या रोपट्याचें थोडें थोडें चित्र घेतलें. तयार झालेली चित्रफीत जेव्हां दाखविली तेव्हां दाण्यांतून अंकुर फुटून वेल सरसर वर चढतांना क्षणार्धांत दिसूं लागला. भांडवलवाल्याचा विश्वास बसला. आमच्या मतें फाळके यांची खरी पहिली कलाकृति ही वाटाण्याची वेलच होय. कारण कॅमेऱ्यापुढें काळ हा आपला चाकर आहे, हें रहस्य त्यांस येथें सांपडलें.

'राजा हरिश्चंद्र' या त्यांच्या पहिल्या चित्रपटाची कथा पुष्कळांस ठाऊक आहे. म्हणून ती आम्ही लांबवीत नाहीं. दादर येथील राहत्या बंगल्यांतच चित्रण झालें. स्त्रियांचीं कामें करण्यास कोणी स्त्री मिळेना, म्हणून एका उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले, आणि फाळके यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सरस्वतीबाईंनीं आपले दागिने दिले, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला, उन्हांत पांढऱ्या चादरी धरून पात्रांवर प्रकाश पाडला, रसायनें कालविलीं, आणि रात्रीं दिव्याच्या उजेडांत कोऱ्या फितीस भोकेंही पाडलीं. ३ मे १९१३ रोजीं हा चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला, आणि हिंदुस्थानांतील कथाचित्रपटाचा धंदा सुरू झाला. लगेच फाळके यांनीं आपलें बिऱ्हाड नाशिकास हालविलें. 'मोहिनी भस्मासुर' या पुढच्या चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं कामें केलीं, आणि स्त्रीनें स्त्रीचें काम करण्याचा मार्ग मोकळा झाला. १९१४ सालीं ते आपले चित्रपट घेऊन पुन्हां लंडनास गेले. तेथें त्यांस राहण्याविषयीं आग्रह झाला, परंतु आपला धंदा आपल्या देशांतच उभा राहिला पाहिजे म्हणून त्यांनीं तो नाकारला. परत येतात तों महायुद्ध सुरू झालें, कोरी फीत महागली, भांडवल आटलें, आणि दोन-तीन वर्षें अत्यंत ओढगस्तींत गेलीं.

१९१७ सालीं 'लंकादहन' निघाला आणि नशिबानें पालट खाल्ला. यांत अण्णा साळुंके यांनीं राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. मारुति उड्डाण करून आकाशांत लहान लहान होत जातो व शेपटीच्या आगीनें सोन्याची लंका जळूं लागते, हें पाहण्यास लोकांची रीघ लागली. मुंबईंत सकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत खेळ होत. पडद्यावर रामचंद्र दिसतांच प्रेक्षक हात जोडून नमस्कार करीत. मद्रासेस तिकिटांच्या उत्पन्नाचीं नाणीं पोत्यांत भरून बैलगाड्यांतून न्यावीं लागलीं, असें सांगतात. या यशानंतर कांहीं व्यापारी भागीदार मिळाले व १९१८ सालीं 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' स्थापन झाली. 'श्रीकृष्णजन्म' हा तिचा पहिला चित्रपट आणि १९१९ सालचा 'कालियामर्दन' हा दुसरा. या लेखाचा खरा विषय हाच.

भागवतांतील ही कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. यमुनेच्या डोहांत कालिया नाग राहतो, त्याच्या विषानें पाणी व कांठ दूषित होतात, बाळकृष्ण कदंबावरून डोहांत उडी घेतो आणि नागाच्या फण्यावर नाचून त्याचा गर्व उतरवितो. फाळके यांनीं कृष्णाची भूमिका आपली कन्या मंदाकिनी हिला दिली. तिचें वय त्या वेळीं सुमारें सात वर्षांचें होतें. चित्रपटाच्या आरंभीं ही मुलगी आपल्या साध्या रूपांत पडद्यावर दिसते. तिच्या मुखावर हर्ष, राग, आश्चर्य वगैरे निरनिराळे भाव एकामागून एक उमटतात, आणि मग पाहतां पाहतां तिच्याच ठिकाणीं कृष्ण उभा राहतो. चित्रकारानें आपली युक्ति आधींच उघड करून दाखवावी आणि तरीही प्रेक्षकानें पुढें सारें खरें मानावें, ही केवढी धिटाईची गोष्ट! जादूगार खेळाच्या आधीं आपली रिकामी पेटी सर्वांस दाखवितो, तसाच हा प्रकार आहे. चित्रपटाचा पुष्कळसा भाग बाळकृष्णाच्या खोड्यांनीं भरलेला आहे. ज्या मुलास लोणी चोरतांना व गवळणींस चिडवितांना आपण हंसत पाहिलें तेंच मूल पुढें डोहांत उडी घेतें, म्हणून आपला जीव वरखालीं होतो.

डोहांतील युद्धाचा प्रसंग या चित्रपटाचा प्राण आहे. पाण्याखालीं पोहणारा बालक, त्याच्या भोंवतीं वेढे घालणारा अजस्र नाग, आणि मधून मधून कांठावर आक्रोश करणारे गोकुळवासी, अशीं चित्रें आलटून पालटून येतात. खालीं काय चाललें आहे तें कांठावरच्यांस दिसत नाहीं. प्रेक्षकास मात्र दिसतें. शेवटीं पाणी ढवळून निघतें आणि फण्यावर उभा असलेला कृष्ण वर येतो. हा नाग अर्थातच बनविलेला होता, आणि आजच्या मुलांस त्यांतील कृत्रिमता ओळखूं येईल. परंतु तें केव्हांचें काम आहे, आणि कोणत्या सामग्रीवर केलेलें आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे आश्चर्य वाटतें. चित्रपट मुंबईस कित्येक महिने चालला.

अशा दृश्यांस आपल्या चित्रपटसृष्टींत ट्रिकसीन म्हणतात. त्यांचें मर्म समजणें कठीण नाहीं. चित्रफीत म्हणजे सुट्या सुट्या स्थिर चित्रांची माळ. कॅमेरा मध्येंच थांबवून पात्र दूर केलें व कॅमेरा पुन्हां चालू केला, कीं पात्र पडद्यावरून अदृश्य होतें. एकाच फितीवर दोन वेळां निरनिराळें चित्रण केलें, कीं दोन जगें एकमेकांत मिसळतात. मग बालक पाण्यांत पोहतांना किंवा देव आकाशांतून उतरतांना दाखवितां येतो. लहान प्रतिकृति जवळून घेतली, कीं ती नगरीएवढी दिसते. फ्रान्समध्यें मेलिएस या जादूगारानें १८९६ च्या सुमारास या युक्त्या वापरावयास आरंभ केला होता. मेलिएसही जादूगार आणि फाळकेही जादूगार, हा केवळ योगायोग नव्हे. फाळके यांचें वैशिष्ट्य असें कीं, कॅमेरा चालविणें, पडदे रंगविणें, फीत धुणें व जोडणें हीं सर्व कामें त्यांस स्वतःस येत होतीं. चित्रपट कसा तयार होतो हें लोकांस दाखविणारा एक लहानसा चित्रपटही त्यांनीं काढला होता. आपली विद्या झांकून ठेवणाऱ्यांपैकीं ते नव्हते.

आतां जपानकडे वळूं. गोजिराचे ट्रिकसीन करणारे एइजी त्सुबुराया यांचा जन्म १९०१ सालचा. अमेरिकेंतील 'किंग काँग' या १९३३ सालच्या चित्रपटानें त्यांस वेड लाविलें होतें. त्यांतील वानर ही एक बाहुली असून ती तिळातिळानें हालवून एकेक चित्र घेतलेलें होतें. म्हणजे आमच्या वाटाण्याच्या वेलीचेंच तें थोरलें भावंड. त्सुबुराया यांजपाशीं तितका वेळ नव्हता. म्हणून त्यांनीं एका नटास जाड व अत्यंत जड असा पोशाख घातला आणि लहान आकाराचें तोकियो शहर बांधून त्यास त्यावरून चालविलें. हारुओ नाकाजिमा हे तो पोशाख घालणारे मुख्य नट. कॅमेरा नेहमींपेक्षां वेगानें फिरवून चित्रण केलें, म्हणजे पडद्यावर प्राण्याची चाल मंद व वजनदार दिसते. आकिरा इफुकुबे या संगीतकारानें मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवर चामड्याचा हातमोजा घासून त्याची गर्जना निर्माण केली. परंतु या चित्रपटाचें बळ केवळ युक्तींत नव्हतें. हिरोशिमा व नागासाकी यांस नऊच वर्षें झालीं होतीं. त्याच सालच्या मार्चांत अमेरिकेनें बिकिनी बेटावर केलेल्या हायड्रोजन बाँबच्या चांचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडून खलाशी आजारी झाले होते. दिग्दर्शक इशिरो होंडा यांनीं त्या राखेंतूनच आपला प्राणी उठविला. प्रेक्षक पडद्यावर एक काल्पनिक जनावर पाहात होते. पण रुग्णालयांत ओळीनें निजलेलीं माणसें त्यांनीं खरोखरीच पाहिलेलीं होतीं.

तेव्हां अशा चित्रपटांत रसिकांस आनंद कसला होतो? पहिला आनंद आकाराचा. मनुष्यास आपण लहान आहों हें अधूनमधून डोळ्यांनीं पाहावेंसें वाटतें. डोंगर किंवा समुद्र पाहून जें होतें तेंच येथें होतें. दुसरा आनंद कारागिरीचा. आंत मनुष्य आहे, घरें पुठ्ठ्याचीं व लांकडाचीं आहेत, हें प्रेक्षकास पक्कें ठाऊक असतें, आणि ठाऊक असूनही तो दचकतो. किंबहुना इतकें ठाऊक असतां आपण दचकलों कसे, याचेंच त्याला कौतुक वाटतें. तिसरा आनंद मात्र अधिक खोल आहे. ज्या भयास आकार नाहीं तें मनुष्याच्या मनांत वाढत जातें. त्यास एक देह दिला, एक नांव दिलें, म्हणजे त्याच्याकडे दोन तास टक लावून पाहण्याचें धैर्य येतें. विषारी झालेलें पाणी हें गोकुळाचें भय होतें, विषारी झालेला वारा व समुद्र हें जपानचें. दोन्ही ठिकाणीं त्या भयास राक्षसी जनावराचें रूप मिळालें. भेद एवढाच कीं, कालियास शरण आणणारा एक बालक होता, आणि कृष्णानें त्यास न मारतां समुद्राकडे घालवून दिलें. गोजिरास मारण्यासाठीं मात्र एका शास्त्रज्ञास स्वतःच्या भयंकर शोधासह समुद्राच्या तळाशीं प्राण द्यावा लागला. एका चित्रपटाअखेर प्रेक्षक निर्धास्त होऊन घरीं जातो, दुसऱ्याअखेर विचार करीत जातो.

फाळके यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र असा सुखान्त नाहीं. भागीदारांस नफ्याचा हिशेब पाहिजे होता, फाळके यांस आपल्या कल्पनेप्रमाणें खर्च करण्याची मोकळीक. खटका उडाला आणि यशाच्या शिखरावर असतां त्यांनीं कंपनी सोडून सहकुटुंब काशीचा रस्ता धरला. तेथें त्यांनीं 'रंगभूमि' नांवाचें नाटक लिहिलें. पुढें कंपनीनें बोलाविल्यावरून ते १९२२ च्या सुमारास परत आले, पण पूर्वीचा जोम परत आला नाहीं. त्यांच्यामागून आलेले तरुण नव्या तऱ्हेचे चित्रपट काढूं लागले. १९३१ सालीं 'आलम आरा' हा बोलपट निघाला, आणि ज्यांनीं मुक्या चित्रांस बोलकें केलें होतें त्यांची भाषाच जणूं एका दिवसांत जुनी झाली. 'सेतुबंधन' हा त्यांचा मूकपट १९३२ सालीं तयार झाला, तोंच मुकेपणाचे दिवस संपले होते. मागाहून त्यास आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनच्या आमंत्रणावरून त्यांनीं 'गंगावतरण' हा आपला एकमेव बोलपट काढला. तो १९३७ सालीं प्रसिद्ध झाला तेव्हां त्यांचें वय सदुसष्ट वर्षांचें होतें.

त्या वेळीं पुण्यास प्रभात कंपनीचा सूर्य माध्यान्हीं होता. १९२९ सालीं कोल्हापुरास स्थापन झालेली ही कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली होती, आणि १९३६ सालच्या 'संत तुकाराम' मध्यें तुकोबांस वैकुंठास नेणारें विमान तिनें पडद्यावर उडविलें होतें. तें विमान ज्या आकाशांत उडालें तें आकाश प्रथम फाळके यांच्या मारुतीनें मोकळें केलें होतें. चित्रपटव्यवसायाचा रौप्यमहोत्सव मुंबईस साजरा झाला, तेव्हां त्या व्यवसायाचा जनक मात्र कोपऱ्यांत बसलेला होता. प्रभातच्या शांताराम यांनीं त्यांच्यासाठीं निधीचें आवाहन केलें, जमलेली रक्कम तुटपुंजी होती तींत प्रभातनें भर घातली, आणि त्यांतून नाशिकास म्हातारपणीं त्यांस एक घर मिळालें. तेथेंच १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं त्यांचा अंत झाला. १९६९ सालापासून भारत सरकार चित्रपटक्षेत्रांतील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नांवानें देत आहे. जिवंतपणीं जो सन्मान दोन पावलांवर असून मिळाला नाहीं तो मरणानंतर पंचवीस वर्षांनीं दाराशीं आला.

पण सन्मानाहून अधिक महत्त्वाची गोष्ट कृतीची. सुमारें एकोणीस वर्षांत त्यांनीं लहानमोठे मिळून शंभराहून अधिक चित्रपट काढले, आणि त्यांपैकीं हातांच्या बोटांवर मोजण्याइतकेच, तेही बहुतेक तुकड्यांनीं, आज उरले आहेत. जुनी फीत नायट्रेटची असे. ती उष्णतेनें चिघळते, भुकटी होते, आणि पेटली तर विझत नाहीं. कित्येक फिती त्यांतील चांदीसाठीं वितळविण्यांत आल्या. जें वांचलें तें वांचविण्याचें पुण्यकर्म आपल्याच शहरांत झालें. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, आणि त्याचे पी. के. नायर यांनीं गांवोगांव हिंडून जुने डबे गोळा केले. 'राजा हरिश्चंद्र' चा उरलेला भाग आणि 'कालियामर्दन' चा बराचसा भाग आज पाहावयास मिळतो तो या श्रमांमुळें. 'कालियामर्दन' चे तुकडे विस्कळित होते. ते क्रमानें लावून कथा पुन्हां जुळविण्यांत आली. २००३ सालीं प्रभातच्या जुन्या आवारांतील नायट्रेट फितींच्या भांडारास आग लागली व पुष्कळ अमूल्य ठेवा भस्म झाला. लंका जाळण्यासाठीं फाळके यांस किती खटपट करावी लागली असेल. त्यांच्या पिढीची लंका जळण्यास मात्र एकच आग पुरली.

विद्यार्थ्यांनो, या चरित्रांतून तुम्हीं काय घ्यावें? फाळके हे सर्वगुणसंपन्न होते असें आम्ही म्हणत नाहीं. ते हट्टी होते, हिशेबांत कच्चे होते, आणि त्यांच्या हट्टाचा भार पुष्कळदां सरस्वतीबाईंच्या अंगावर पडला. परंतु ज्या वयांत लोक पेन्शनीचा विचार करूं लागतात त्या वयांत त्यांनीं नवी विद्या शिकण्यास आरंभ केला, दृष्टि गमावली तरी ध्येय गमावलें नाहीं, आणि जें शिकले तें लपवून ठेविलें नाहीं. पडद्यावरचा राक्षस पाहून टाळ्या वाजविणें सोपें आहे, आणि वाजवाव्यातही. आनंद हा कांहीं अपराध नव्हे. पण टाळी वाजवून झाल्यावर हें कोणी केलें, कशानें केलें, कोणतें भय त्याच्या मनांत होतें, एवढे तीन प्रश्न स्वतःस विचारण्याची संवय लावून घ्या. गोजिराचे भक्त असाल तर एक संध्याकाळ कालिया नागासही द्या. तो बोलत नाहीं, त्याचा रंग करडा आहे, त्याचीं कित्येक चित्रें ओरखड्यांनीं भरलेलीं आहेत. तरीही सात वर्षांची मुलगी जेव्हां त्याच्या फण्यावर उभी राहून नाचूं लागते, तेव्हां शंभर वर्षांपूर्वीं गिरगांवांतील प्रेक्षकांचा जो श्वास क्षणभर अडकला असेल, तोच तुमचाही अडकल्यावांचून राहणार नाहीं.